आपल्याच घरची बातमी कुठे छापायची?

गेले तीन आठवडे आमच्या जुन्या सहकाऱ्यांमध्ये एकच विषय चाललाय. आमच्यातलाच एकजण, बारा वर्षं पेपरच्या डेस्कवर आणि रिपोर्टिंगमध्ये काढलेला मुलगा, एका मोठ्या मीडिया कंपनीत कॉर्पोरेट कम्युनिकेशनचा प्रमुख म्हणून गेला. त्याच्याकडे मुख्य काम दिलंय ते कंपनी आणि कर्मचारी यांच्यातल्या सगळ्या भानगडींमध्ये कंपनीच्या वतीने बोलायचं, म्हणजे पगारवाढीचा वाद, युनियनची नोटीस, लेबर कोर्टातल्या केसेस, एखादी आवृत्ती बंद करणं, कपात, जे असेल ते. झालं, दोन गट पडले. एक गट म्हणतो विकला गेला, पलीकडे गेला, ज्यांच्याबरोबर रात्री दोनला टपरीवर चहा प्यायला त्यांच्याच विरोधात आता प्रेस नोट काढणार. दुसरा गट म्हणतो अरे त्याला दोन मुलं आहेत, घराचा हप्ता आहे, पेपरमध्ये पगार काय मिळतो ते तुम्हाला माहीत आहे, नोकरी आहे ती, धर्मांतर नव्हे. मी दोन्हीकडचं ऐकलं आणि मला वाटतं दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडताहेत. सगळे त्या मुलाच्या चारित्र्यावर बोलताहेत, तो ज्या खुर्चीवर बसलाय त्या खुर्चीबद्दल कुणी बोलत नाही. त्याच्या जागी उद्या साधुसंत आणून बसवला तरी खुर्चीचं काम तेच राहिलं तर काय फरक पडणार आहे?

माझं म्हणणं सरळ आहे. मीडिया कंपनीत कामगारांच्या प्रश्नावर बोलणारा विभाग असायला माझी हरकत नाही, असावाच. पण त्या विभागाची परीक्षा एकाच गोष्टीवर घ्यावी, की त्या कंपनीतल्या कामगारांच्या वादाची बातमी त्या कंपनीच्याच पेपरात, त्याच चॅनलवर, दोन्ही बाजूंसकट येते का. येत असेल तर कम्युनिकेशनचा माणूस त्याचं काम करतोय आणि त्याला कुणी नावं ठेवू नयेत. येत नसेल तर त्याने कितीही गोड भाषेत पत्रकं काढली तरी तो बातमी दाबायचं काम करतोय, आणि बातमी दाबण्याचा पगार मीडिया कंपनीने कुणालाही देऊ नये.

आता कुणी म्हणेल साबणाच्या कारखान्यातही असाच विभाग असतो, बँकेत असतो, मग पेपरलाच वेगळा नियम का? फरक असा आहे की साबणाच्या कारखान्यात संप झाला तर कामगार पेपरच्या ऑफिसात निवेदन घेऊन येतात. मी स्वतः अशी शेकडो निवेदनं हातात घेतलीत, वळकटी केलेला कागद, खाली पंधरावीस सह्या, एखादा अंगठा, आणि सोबत आलेला माणूस विचारतो, ताई उद्या येईल ना? कारखान्याचा मालक त्याला नोकरीवरून काढू शकतो पण त्याची बातमी थांबवणं मालकाच्या हातात नसतं, निदान पूर्ण हातात नसतं. पण पेपरच्याच कामगाराने निवेदन घेऊन कुठे जायचं? त्याच्या पेपरात तर येणार नाही, आणि शेजारच्या पेपरातही येत नाही, कारण तिथल्या मालकाच्याही डोक्यावर तीच टांगती तलवार असते, आज मी याची छापली तर उद्या तो माझी छापेल. एरवी खपासाठी एकमेकांच्या उरावर बसणारे पेपर या एका बाबतीत एकमेकांना सांभाळून घेतात. म्हणून मीडिया कंपनीचं गप्प बसणं हे बँकेच्या गप्प बसण्यासारखं नसतं. तिच्याकडे माणसाला ऐकू येईल असं बोलायचं साधनही आहे आणि ते बंद करायची चावीही तिच्याकडेच आहे. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच.

हे मी ऐकीव सांगत नाही. मजिठिया वेज बोर्डाचा काळ ज्यांनी डेस्कवर काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पेपरमधल्या लोकांचे पगार ठरवायला न्यायमूर्ती मजिठिया यांच्या अध्यक्षतेखाली बोर्ड नेमला गेला, त्याच्या शिफारशी सरकारने ११ नोव्हेंबर २०११ ला अधिसूचित केल्या, कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या, ७ फेब्रुवारी २०१४ ला कोर्टाने शिफारशी कायम ठेवल्या आणि २०११ पासूनची थकबाकी वर्षभरात चार हप्त्यांत द्या असं सांगितलं. त्यानंतर मी जिथे होते तिथे (नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही, अनेक ठिकाणी हेच झालं) एका संध्याकाळी एचआरच्या केबिनमध्ये एकेकाला बोलावलं. पहिली आवृत्ती सोडायची घाई, पानं अर्धवट, आणि समोर टाइप केलेला एक कागद. त्यात लिहिलेलं की मला वेज बोर्डाच्या शिफारशी समजावून सांगण्यात आल्या असून मी माझ्या सध्याच्या वेतनावर समाधानी आहे आणि तेच पुढे चालू ठेवू इच्छिते. मला कुणी काही समजावलं नव्हतं. तारखेची जागा मोकळी होती. एचआरचा माणूस तसा भला होता, त्याने नजर वर केली नाही, फक्त पेन पुढे सरकवलं आणि म्हणाला मॅडम, सगळ्यांनी केल्यात.

मी सही केली. माझ्या मागे आईचं औषधपाणी होतं, नवरा तेव्हा घरी बसून होता, मी केली सही. जागेवर येऊन जे पान पुढ्यात होतं ते लावायला घेतलं तर त्यात एमआयडीसीतल्या एका कारखान्यासमोर कामगार धरणं धरून बसल्याची बातमी होती, आणि शेवटची ओळ आमच्या पेपरची ठरलेली, ‘व्यवस्थापनाशी संपर्क साधला असता प्रतिक्रिया मिळू शकली नाही.’ ती ओळ मी आयुष्यात हजार वेळा लावली असेल, त्या रात्री मात्र हात थांबला. दुसऱ्याच्या व्यवस्थापनाला आम्ही रोज जाब विचारत होतो आणि उत्तर आलं नाही हे छापत होतो, म्हणजे उत्तर न देणं ही आमच्या लेखी छापण्यासारखी गोष्ट होती. मग आमच्या व्यवस्थापनाने उत्तर दिलं नाही हे कुणी छापायचं?

त्या कागदामागचा नियम काय होता तेही बघा. शिफारशींमधलं २०(जे) नावाचं कलम, ज्याचा अर्थ असा की अधिसूचना निघाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत कर्मचाऱ्याने स्वतःहून सांगितलं तर त्याला जुनं वेतन कायम ठेवता येईल. तीन आठवडे म्हणजे डिसेंबर २०११ च्या सुरुवातीपर्यंत, आणि आमच्या सह्या घेतल्या त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळाने. पुढे १९ जून २०१७ ला सुप्रीम कोर्टाने, २०१४ चा निकाल पाळला नाही म्हणून कर्मचाऱ्यांनी केलेल्या अवमान याचिकांवर निकाल देताना सांगितलं की वेज बोर्डापेक्षा कमी पगार घ्यायचं असं हमीपत्र कायद्यात बसत नाही, काँट्रॅक्टवरच्या लोकांनाही शिफारशी लागू आहेत, मात्र मालकांनी मुद्दाम अवमान केला असं म्हणता येत नाही, त्यांचा समज चुकला, आणि ज्यांना पैसे हवेत त्यांनी १९५५ च्या पत्रकारांच्या कायद्यातल्या कलम १७ खाली लेबर कमिशनर आणि लेबर कोर्टात जावं. ‘सतरा एक’ आणि ‘सतरा दोन’ हे त्या कलमाच्या पोटकलमांचे शब्द तेव्हापासून कितीतरी घरांत भाजीच्या भावासारखे बोलले जातात. आता मला सांगा, देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने पेपरमधल्या हजारो कामगारांच्या पगाराबद्दल निकाल दिला ही बातमी आहे की नाही? किती मराठी वाचकांना हा निकाल त्यांच्या रोजच्या पेपरातून नीट कळला, काँट्रॅक्टवाल्यांनाही लागू आहे इतक्या स्पष्ट शब्दांत कळला? माझ्या शेजारच्या काकांनी मला विचारलं होतं, तुमचं ते काय कोर्टात चाललंय म्हणे, पेपरात कुठे दिसलं नाही. चाळीस वर्षं पेपर वाचणारा माणूस, ऊस आंदोलनापासून विमान कंपनीच्या पायलटांच्या संपापर्यंत सगळं माहीत, आणि ज्या पेपरसाठी तो रोज दाराची कडी काढतो तो बनवणाऱ्या माणसांचं त्याला काही माहीत नाही.

इथे मालकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण त्यांचे सगळेच मुद्दे फालतू नाहीत. जाहिरातीचा पैसा मोठ्या प्रमाणात गूगल-फेसबुककडे गेला हे खरं आहे. कागद बराचसा बाहेरून येतो, डॉलर वाढला की छपाईचा खर्च वाढतो, आणि पेपरची किंमत मात्र एक रुपयाने वाढवायची म्हटलं तरी वाचक आणि विक्रेते दोघंही नाराज होतात. इतर खासगी धंद्यांत सरकार पगार ठरवत नाही मग आमच्याच धंद्यात का, आणि ठरवायचेच तर टीव्हीवाले त्यातून बाहेर कसे, हाही प्रश्न योग्य होता. आणि युनियनवाले सगळे धुतल्या तांदळासारखे असतात असं तर मी कधीच म्हणणार नाही. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर, म्हणजे जिथे मोठ्या पेपरांची ऑफिसं होती तिथे, ७०-८० च्या दशकात छापखान्याच्या युनियनांनी काय केलं ते वाचा, जो माणूस कामावर नाही त्याच्या नावाने पगार उचलायचे, नव्या मशीनला हात लावू द्यायचे नाहीत, ऐन रात्री अंक थांबवायचे. मालक वैतागला तर त्यात नवल नव्हतं.

पण तिथेच पुढे काय झालं ते बघा, कारण माझ्या मते कामगार-कम्युनिकेशन म्हणजे काय याचा तो सगळ्यात मोठा धडा आहे. रुपर्ट मर्डॉकच्या कंपनीने लंडनच्या पूर्वेला वॉपिंग भागात नवा छापखाना उभारला आणि जगाला काय सांगितलं? की इथून ‘लंडन पोस्ट’ नावाचा नवा पेपर निघणार आहे. त्यावर वाटाघाटी चालू ठेवल्या. आत मात्र ‘टाइम्स’, ‘सन’ वगैरे चालू पेपर तिथे हलवायची सगळी तयारी. जानेवारी १९८६ मध्ये युनियन संपावर गेली आणि सुमारे साडेपाच हजार माणसांची नोकरी एका झटक्यात गेली, पेपर वॉपिंगहून छापून बाहेर पडले. पत्रकारांना सांगण्यात आलं की तिकडे कामाला या, वर्षाला दोन हजार पौंड जास्त मिळतील, नाही आलात तर नोकरी गेली समजा. ‘लंडन पोस्ट’ कधीच निघाला नाही. वर्षभराहून जास्त दारात धरणं चाललं, फेब्रुवारी १९८७ मध्ये युनियनने हात टेकले. युनियनचं वागणं चुकीचं होतं हे मान्य केलं तरी कंपनीची घोषणा खोटी होती हे त्याने बदलतं का? नवं तंत्रज्ञान आणायचंय, माणसं कमी करायचीत, हे समोरासमोर सांगून भांडता आलं असतं. बातमी विकणाऱ्या कंपनीने स्वतःबद्दलची पहिली बातमीच खोटी दिली, आणि ती कुणीतरी लिहिली असणार, कुणीतरी पत्रकारांना फोन करून समजावली असणार. त्या माणसालाही मुलं असतील, हप्ता असेल. म्हणून म्हणते की माणूस चांगला की वाईट हा वाद घालून काही हाती लागत नाही.

आता पैसे नाहीत या मुद्द्याकडे परत येते. पहिला वेज बोर्ड, दिवटिया बोर्ड, त्याचा निर्णय सुप्रीम कोर्टाने १९५८ मध्ये रद्द केला होता आणि तो बरोबर याच कारणावरून, की कंपनीची द्यायची ऐपत बघितली नाही. म्हणजे मालकांचं म्हणणं कोर्टाने तेव्हाच ऐकलं होतं. (त्याच खटल्यात मालकांनी हेही म्हटलं होतं की पत्रकारांच्या नोकरीचा १९५५ चा कायदा हा वृत्तपत्रस्वातंत्र्यावर घाला आहे, ते कोर्टाने मानलं नाही. वृत्तपत्राचं स्वातंत्र्य नक्की कुणाचं, हा प्रश्न तेव्हापासून तसाच पडून आहे.) मग पुढच्या बोर्डांनी उलाढालीप्रमाणे कंपन्यांचे वर्ग पाडले, मजिठियात हजार कोटींच्या वरची कंपनी पहिल्या वर्गात, छोटा पेपर खालच्या वर्गात, दोघांना वेगळी वेतनश्रेणी. आणि जी कंपनी सलग तीन वर्षं मोठ्या रोख तोट्यात आहे तिला थकबाकीतून सूट, तीही शिफारशीतच लिहिलेली. मग ज्याला खरंच परवडत नव्हतं त्याने हिशेब दाखवून सूट घ्यायची की रात्री केबिनमध्ये बोलावून तारीख नसलेल्या कागदावर सह्या घ्यायच्या? आणि समजा खरंच परवडत नव्हतं, तरी मग ते वाचकाला सांगायला काय हरकत होती? आमचा धंदा तोट्यात चाललाय, हा आमचा ताळेबंद, या आमच्या कर्मचाऱ्यांच्या मागण्या, हे आम्ही देऊ शकतो. असा एक चौकोन पहिल्या पानावर आला असता तर मला नाही वाटत वाचकाने दगड मारले असते.

एक मुद्दा मात्र मला बराच काळ निरुत्तर करत होता. माझ्या एका जुन्या संपादकांनी तो मांडला होता, फार सचोटीचा माणूस. ते म्हणायचे, बाई, स्वतःच्या कंपनीची बातमी स्वतःच्या पेपरात छापायची म्हणजे ती मालकाच्याच बाजूची होणार, रिपोर्टरवर दडपण येणार, उलट वाचकाला वाटेल दोन्ही बाजू आल्या आणि आली असेल एकच. त्यापेक्षा न छापणं जास्त प्रामाणिक. यात तथ्य आहे. मालकाच्या बाजूचे लेख मोठे आणि कामगारांचं म्हणणं दोन ओळीत, असं होतं, आम्ही बघितलंय.

पण मग बीबीसीचं उदाहरण आठवतं. जुलै २०१७ मध्ये बीबीसीला दीड लाख पौंडांहून जास्त पगार घेणाऱ्यांची यादी जाहीर करावी लागली. चीनच्या संपादक कॅरी ग्रेसी यांना त्या यादीवरून कळलं की आपल्याच पातळीवरच्या पुरुष आंतरराष्ट्रीय संपादकांचे पगार आपल्यापेक्षा बरेच जास्त आहेत, त्यांना स्वतःला मिळत होते एक लाख पस्तीस हजार. कंपनीने वाढवून एक लाख ऐंशी हजार देऊ केले, त्यांनी नाकारले, म्हणाल्या मला वाढ नको, बरोबरी हवी. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी चीनचं संपादकपद सोडलं आणि प्रेक्षकांना उघड पत्र लिहिलं. कंपनीचं अधिकृत म्हणणं काय होतं? स्त्रियांबाबत कुठलाही पद्धतशीर भेदभाव नाही. आता खरी गोष्ट बघा. पत्र प्रसिद्ध झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ग्रेसी रेडिओवरचा ‘टुडे’ हा मोठा बातम्यांचा कार्यक्रम सादर करत होत्या, आणि त्यांच्याच पत्राची बातमी बीबीसीवर चालू होती. पुढे त्या संसदेच्या समितीसमोर बोलल्या, बीबीसीचे प्रमुखही तिथे गेले, ते सगळं बीबीसीनेच दाखवलं. जूनच्या अखेरीस कंपनीने माफी मागितली, मागचे पैसे दिले, आणि ग्रेसींनी ते सगळे स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. बीबीसी म्हणजे काही स्वर्ग नाही, या विषयावर मत दिलेल्या काहींना त्या विषयाच्या कार्यक्रमातून बाजूलाही केलं गेलं. पण बातमी आली. कम्युनिकेशन विभागाने आपलं म्हणणं पाठवलं आणि बातमीदारांनी ते इतर कुणाच्याही म्हणण्यासारखं बातमीत एका बाजूला ठेवलं. त्याच संस्थेत नोव्हेंबर २०१२ मध्ये महासंचालकांची त्यांच्याच निवेदकाने रेडिओवर इतकी सडकून मुलाखत घेतली की त्याच रात्री महासंचालकांनी राजीनामा दिला. म्हणजे जमतं. आमच्या संपादकांचा मुद्दा खरा असला तरी त्याचं उत्तर बातमी मारणं हे होऊ शकत नाही. बातमी कोण संपादित करणार ते ठरवून टाका, कम्युनिकेशन विभागाचा हात त्या कॉपीला, म्हणजे बातमीच्या मजकुराला, लागणार नाही हे लिहून ठेवा, आणि छापा.

आणि हो, विभागाचं एक आवडतं हत्यार आहे ते म्हणजे युनियनच्या डोक्यावरून थेट कर्मचाऱ्यांशी बोलणं. दिसायला किती पारदर्शक दिसतं! २०२३ मध्ये हॉलीवूडच्या लेखकांचा संप १४८ दिवस चालला, त्यात ऑगस्टमध्ये स्टुडिओंच्या संघटनेने वाटाघाटीच्या टेबलावरचा आपला प्रस्ताव उघडपणे प्रसिद्ध करून टाकला, की सदस्यांनी स्वतः वाचावा आणि आपल्या नेत्यांवर दबाव आणावा. लेखक फुटले नाहीत, तोडगा निघायला आणखी महिना गेला. आपल्याकडे याचंच छोटं रूप म्हणजे टाउन हॉल, कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांची घेतलेली सभा. सगळ्यांना खुर्च्या, समोसे, वरून आलेले साहेब मराठीत सुरुवात करून इंग्रजीत शिरतात, ‘आपण एक कुटुंब आहोत’ म्हणतात, आणि प्रश्न आधी लिहून द्यायचे असतात. मला कुटुंब या शब्दाचा राग येतो हे इथे सांगून टाकते. कुटुंबात कुणाला काढायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला मेल जात नाही. ‘पुनर्रचना’, ‘आवृत्तीचं विलीनीकरण’, ‘वाचकांच्या सोयीसाठी’, असे शब्द डेस्कवर कुणी बातमीत लिहून आणले असते तर आम्ही विचारलं असतं की म्हणजे नक्की किती माणसं गेली? जिल्ह्याची आवृत्ती बंद झाली तर वाचकाला चौकट दिसते की उद्यापासून आपला लाडका अंक अधिक पानांसह येणार, आणि त्या जिल्ह्यातले सब-एडिटर, पानं लावणारे पेजिनेटर, फोटोग्राफर, दुपारीच गाडी घेऊन निघालेला पार्सलवाला, यांच्याबद्दल एक अक्षर नाही. कोविडमध्ये तर हे सर्रास झालं. एप्रिल २०२० मध्ये पत्रकारांच्या संघटनांना, त्यात मुंबईचीही होती, सुप्रीम कोर्टात जावं लागलं पगारकपात आणि कामावरून काढण्याविरुद्ध, आणि त्याच दिवसांत आम्ही पानभर लिहीत होतो की मालकांनो, अशा काळात कामगारांना काढू नका.

हे सगळं मला महाराष्ट्रात जास्त टोचतं, कारण कामगारांची बातमी छापायला ज्यांनी अगदी सुरुवातीला पेपर वापरला त्यांतला एक माणूस आपला होता. नारायण मेघाजी लोखंडे गिरणीत स्टोअरकीपर होते, १८८० पासून ‘दीनबंधू’ चालवायला लागले आणि त्यात गिरणी कामगारांचे हाल छापायला लागले. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला, रविवारची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास जेवायला द्या, पगार वेळेवर द्या. एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले होते आणि त्यात दोन कामगार बायकांनी भाषण केलं, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या साडेपाच हजार सह्या आणि आमच्या केबिनमधल्या सह्या, दोन्ही सह्याच. तिथे माणसांनी मागणीवर सही केली आणि ती संपादकाने जगापुढे मांडली, इथे मागणी सोडल्याची सही घेतली आणि ती कपाटात गेली. मधल्या सव्वाशे वर्षांत आमच्या धंद्यात काय बदललं हे मला त्यावरून कळतं, तंत्रज्ञान वगैरे नंतर.

आणि यापुढे हा प्रश्न जास्तच बिकट होणार आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, १९५५ चा पत्रकारांचा कायदा त्यात विरघळून गेला. टीव्ही आणि डिजिटलचे लोक पत्रकाराच्या व्याख्येत आले हे चांगलंच झालं, ते आधीच व्हायला हवं होतं. पण वेज बोर्ड नेमायची जुनी तरतूद गेली. म्हणजे आता किमान वेतनाच्या वर पगार काय असावा हे सांगणारा वेज बोर्ड नाही, जे काही व्हायचं ते कंपनी आणि कर्मचारी यांच्यातल्या बोलण्यातून. आणि त्या बोलण्यात कंपनीच्या बाजूने बोलायला पूर्ण विभाग आहे, एजन्सी आहे, वकील आहे, पानं आहेत, स्क्रीन आहे. कर्मचाऱ्याच्या बाजूने काय आहे? फोनमधला एक ग्रुप, आणि त्यातही एखादा स्क्रीनशॉट बाहेर गेला की ‘अधिकृत प्रवक्त्याखेरीज कुणी माध्यमांशी बोलू नये’ असं परिपत्रक. माध्यमात काम करणाऱ्या माणसाला माध्यमांशी बोलू नको म्हणायचं, हे लिहिताना लिहिणाऱ्याचा हात कसा अडखळत नाही?

कोर्टात केस चालू असताना बोलता येत नाही हेही सांगितलं जातं. बरोबर, वकील सांगतो म्हणून गप्प बसावं लागतं काही बाबतीत. पण आपण रोज न्यायप्रविष्ट प्रकरणांच्या बातम्या छापतोच की, तारीख लागली, याचिका दाखल झाली, अमुक बाजूने तमुक म्हणणं मांडलं. स्वतःच्या केसची तारीख छापायला कुठल्या कायद्याने बंदी केलीय? आणि वाचकाला यात रस नसतो असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की त्या शेजारच्या काकांना रस होता. त्यांनी विचारलं होतं.

म्हणून त्या मुलाला जे शिव्या घालताहेत आणि जे त्याच्या हप्त्याची गोष्ट सांगताहेत, दोघांनाही माझं म्हणणं आहे की त्याला हे विचारा. तुझा विभाग संपादकीयच्या कॉपीला हात लावतो का? आवृत्ती बंद होणार असेल तर त्या आवृत्तीतल्या माणसांना वाचकाच्या आधी कळतं का, आणि त्यांचे देणे किती, कधी, हे त्यात लिहिलेलं असतं का? तुला एखादी गोष्ट खोटी आहे हे माहीत असेल तर ती सांगायला नकार द्यायची मुभा तुझ्या नेमणुकीत आहे का? या खुर्चीवर बसून एखाद्याने ही तीन उत्तरं नीट मिळवली तर मी त्याचा सत्कार करायला जाईन, रिपोर्टर म्हणून त्याने जेवढं केलं त्यापेक्षा ते मोठं काम असेल.

परवा त्याचाच फोन आला. दहा वर्षांपूर्वी मीच त्याला इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, कसा कापायचा ते शिकवलं होतं, अजून ताई म्हणतो. आवाज थकलेला होता. म्हणाला, ताई, एक परिपत्रक मराठीत करायचंय, इंग्रजीवरून आलंय, ‘राइटसायझिंग’ला सोपा मराठी शब्द काय वापरू, कपात लिहिलं तर वरचे नको म्हणतील. मी विचारलं, किती जण? तो म्हणाला, चौतीस. मी म्हटलं, मग तेच लिही ना, चौतीस जणांना अमुक तारखेपासून कामावरून कमी करण्यात येत आहे, त्यांना अमुक इतकी रक्कम अमुक दिवसापर्यंत मिळेल. तू डेस्कवर असतास तर हेच मागितलं असतंस. तो बराच वेळ काही बोलला नाही, मागून प्रिंटरचा आवाज येत होता. मग म्हणाला, आकडा टाकून वर पाठवून बघतो. मी म्हटलं, पाठव, आणि ते पहिल्या पानावर कोण लावतंय तेही विचार.